‘उष्णता’ आणि ‘पित्त’ : तोंडापासून कोठ्यापर्यंतचे नेहमीचे विकार

आपल्या घरांतून दोन शब्द औषधांच्या डब्यापेक्षाही अधिक वापरात असतात. एक ‘उष्णता’ आणि दुसरा ‘पित्त’. तोंड आले, उष्णता झाली. हिरडीतून रक्त आले, उष्णता झाली. शौचाला त्रास झाला, तरी उष्णताच. छातीत जळजळले की पित्त, डोके चढले की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. कानडी घरांतही हे दोन्ही शब्द चालतात. त्यामुळे या नियतकालिकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना ते सारखेच परिचयाचे असतील.

या शब्दांची मला थट्टा करावयाची नाही. आयुर्वेदातील पित्त ही एक व्यापक कल्पना आहे व तिची चर्चा त्या शास्त्राच्या जाणकारांनी करावी. माझा मुद्दा घरगुती वापरापुरता आहे. एकाच नावाखाली पाच-सहा निरनिराळे आजार झाकले जातात. त्यांतील बहुतेक आपोआप बरे होणारे असतात, म्हणून नावही खपून जाते आणि घरगुती उपायही. पण त्यांतच एखादा असा असतो की ज्याला सहा महिने थांबणे परवडत नाही. महाविद्यालयात दरवर्षी होणाऱ्या आरोग्य तपासणीत मी विद्यार्थ्यांची तोंडे पाहतो, पोटाच्या तक्रारी ऐकतो. वीस वर्षांच्या मुलाने “थोडी उष्णता आहे, सर,” असे म्हणावे आणि त्याचे तोंड पुरते उघडू नये, हे पाहिले की या विषयावर लिहिणे आवश्यक वाटते.

तोंडापासून गुदद्वारापर्यंत आपल्या शरीरात एकच सलग नळी आहे. तिची लांबी सुमारे आठ-नऊ मीटर. त्यांपैकी सहा मीटरच्या आसपास लहान आतडे व दीड मीटर मोठे आतडे. या नळीत दररोज लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस व आतड्याचा स्राव मिळून, आपण पितो ते पाणी धरून, आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातला जवळजवळ सगळा पुन्हा शोषला जातो. मलावाटे बाहेर पडते ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. ही देवघेव बिघडली म्हणजे काय होते ते पुढे येईलच. आरंभ अर्थात तोंडापासून करू.

दात आणि हिरड्या

दातावरचे बाह्य कवच, म्हणजे दंतवल्क, हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. तरीही तो आम्लात विरघळतो. दातांवर जीवाणूंचा एक चिकट थर सदैव असतो. आपण खाल्लेल्या साखरेपासून हे जीवाणू आम्ल तयार करतात, आणि आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की दंतवल्कातील कॅल्शियम व फॉस्फेट सुटू लागतात. लाळ ही आम्लता हळूहळू धुऊन काढते व गेलेले क्षार काही अंशी परत आणून बसवते. यासाठी तिला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले याला अधिक महत्त्व आहे. जेवणाबरोबर कुंद्याची वाटी संपविणाऱ्यापेक्षा दिवसभरात आठ वेळा अर्धा अर्धा कप गोड चहा पिणाऱ्याचे दात अधिक धोक्यात असतात, कारण त्याच्या लाळेला दुरुस्तीची सवडच मिळत नाही. झोपेत लाळ फारच कमी स्रवते. म्हणून रात्री झोपण्यापूर्वी दात घासणे हे सकाळच्या घासण्याहूनही मोलाचे आहे. आपल्याकडे नेमके तेच वगळले जाते.

दात घासताना रक्त आले की बरेच जण त्या बाजूला घासणेच सोडतात. हे उलटे आहे. हिरडीच्या कडेला साचलेल्या थरामुळे हिरडी सुजलेली असते, म्हणून रक्त येते. थर तसाच राहिला तर तो दगडासारखा कडक होतो, हिरडी खाली सरकते, आतले हाड झिजते व पुढे दात हलू लागतात. ‘दात साफ करून घेतले की सैल होतात’ हाही एक समज आहे. सैल ते आधीच झालेले असतात. दगडाने त्यांना धरून ठेवलेले असते इतकेच.

उत्तर कर्नाटकाच्या गदग, विजापूर, बागलकोट या भागांतून येणाऱ्या काही विद्यार्थ्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतात आणि त्याबद्दल त्यांना संकोच वाटतो. हे डाग अस्वच्छतेचे नव्हेत. त्या भागातील कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त असते आणि दात घडत असण्याच्या वयात ते पोटात गेल्याने डाग पडतात. अशा मित्राला चिडविण्याचे कारण नाही.

तोंड येणे

गालाच्या आत, ओठाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढरट-पिवळा, लाल कडेचा, अतिशय दुखणारा लहान व्रण उठतो. हेच बहुतेकांचे ‘तोंड येणे’. तो सात ते चौदा दिवसांत आपोआप बरा होतो. दात लागणे, जागरण, मनावरचा ताण ही त्याची नेहमीची निमित्ते; म्हणून परीक्षेच्या दिवसांत तो हमखास भेटतो. वरचेवर होत असेल तर लोह, फॉलिक आम्ल किंवा बी-१२ यांची कमतरता आहे काय हे तपासावे. वसतिगृहात सकाळचा नाश्ता चुकविणाऱ्या मुलींत रक्ताचे प्रमाण कमी असणे ही सामान्य गोष्ट आहे. शाकाहारी घरांत बी-१२ ची उणीव पुष्कळदा आढळते, कारण हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. दूध-दह्यातून थोडेफार मिळते.

येथे एक नियम पाठ करून ठेवावा. तोंडातील कोणताही व्रण, पांढरा अथवा लाल चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही तर तो डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे. विशेषतः न दुखणारा. दुखणारा व्रण माणसाला दवाखान्यात नेतो. न दुखणारा घरी बसवतो, आणि कर्करोग आरंभी बहुधा दुखत नाही.

जो आजार ‘उष्णता’ नव्हे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. काही विद्यार्थ्यांची तक्रार अशी असते : तिखट खाल्ले की तोंड भाजते, पूर्वी असे होत नसे. ठेचा सोडाच, साधी आमटीही झोंबते. घरी सब्जाचे पाणी देतात, थंड म्हणून ताक देतात. तोंडात पाहावे तर टाळू व गाल गुलाबी असण्याऐवजी फिकट, संगमरवरासारखे पांढरट दिसतात. गालाच्या आत बोट फिरविले तर दोरीसारखे ताठ पट्टे लागतात. मग मी विचारतो, “सुपारी किती?” उत्तर ठरलेले : “तंबाखू नाही, सर. नुसती सुपारी.”

या ‘नुसती’तच सगळे आले. सुपारीतील अरेकोलिन नावाचे द्रव्य तोंडाच्या अस्तराखालील पेशींना तंतू तयार करण्यास उत्तेजन देते व सुपारीतील टॅनिन त्या तंतूंना विघटनापासून वाचवते. परिणामी मऊ, लवचिक असलेले अस्तर हळूहळू चामड्यासारखे होते. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत या विकाराचे वर्णन केले व १९५३ साली मुंबईच्या जोशी यांनी तो येथील रुग्णांत दाखवून दिला. तेव्हा तो विरळा होता. सुपारी घोळून, सुगंध घालून पुडीत मिळू लागली आणि तो शाळकरी मुलांपर्यंत पोचला.

या विकाराबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. एक, ताठरलेले अस्तर पूर्ववत होत नाही. व्यायाम, इंजेक्शने, शस्त्रक्रिया यांनी तोंड काही प्रमाणात उघडते. पण सुपारी लवकर सोडणे हाच खरा उपाय. दोन, त्यातील काहींना पुढे कर्करोग होतो. केरळात एर्नाकुलम येथे अशा रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत शेकडा ७.६ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली, तंबाखूशिवायची सुपारीही माणसात कर्करोग उत्पन्न करते, असा निर्णय दिला.

गोव्याने २००५ साली, महाराष्ट्राने २०१२ साली व कर्नाटकाने २०१३ साली गुटख्यावर बंदी घातली. त्यानंतर पानमसाल्याची एक पुडी व तंबाखूची दुसरी पुडी शेजारी शेजारी लटकू लागली. गिऱ्हाईक स्वतःच्या तळहातावर गुटखा बनवू लागले. मावा तर पानपट्टीवरच घोटून मिळतो. ‘मिस्री’ लावणाऱ्या आज्या-मावश्या अजूनही अनेक घरांत आहेत आणि ती त्यांना दंतमंजन वाटते, तंबाखू वाटत नाही. आपला हा भाग तंबाखूच्या व्यवहाराला परका नाही. निपाणीच्या तंबाखूवर कित्येक कुटुंबांच्या चुली पेटल्या, मुले शिकली. सुपारी तर मंगलकार्यातील मानाची वस्तू. म्हणूनच याबद्दल बोलणे अवघड जाते. पण पूजेतील सुपारी कोणी दिवसातून दहा वेळा चघळीत नाही, आणि शेतकऱ्याच्या पोटाचा प्रश्न विद्यार्थ्याच्या गालाने सोडवावयाचा नसतो.

एक साधी चाचणी प्रत्येकाने आजच करावी. आपल्याच हाताची तर्जनी, मध्यमा व अनामिका ही तीन बोटे जुळवून, उभी करून वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये घालावीत. ती सहज जावयास हवीत. दोनच जात असतील आणि सुपारीची सवय असेल, तर दंतवैद्याकडे जाण्यासाठी सत्रपरीक्षेची वाट पाहू नये.

पित्त म्हणजे नेमके काय?

आधुनिक शरीरशास्त्रात पित्त हा यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस होय. तो लहान आतड्यात उतरतो व स्निग्ध पदार्थ पचविण्यास मदत करतो. छातीत जळजळते ते बहुधा पित्तामुळे नव्हे, जठरातील आम्लामुळे. अन्ननलिका व जठर यांच्या सांध्याशी एक स्नायूचे कडे असते. ते सैल पडले की आम्ल वर येते. भरपेट जेवून लगेच आडवे होणे, वजन वाढणे, धूम्रपान, मद्य ही कारणे. जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे आणि खाटेची डोक्याकडील बाजू उंच करणे एवढ्याने अनेकांना आराम पडतो.

अंगावर उठणारे ‘पित्त’ वेगळे. ती त्वचेची ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया असते. आमसुलाचे पाणी लावल्याने थंड वाटते हे खरे, पण तिचा जठराशी संबंध असतोच असे नाही. आणि ‘पित्ताने’ अर्धे डोके दुखून उलटीनंतर उतरते ती बहुधा अर्धशिशी. येथे घोटाळा असा होतो की डोके दुखते म्हणून उपाशीपोटी वेदनाशामक गोळी घेतली जाते. ती गोळी जठराचे संरक्षक अस्तर दुबळे करते. मग खरोखरीच जळजळ सुरू होते आणि ‘पाहा, पित्तच होते’ असा निष्कर्ष निघतो.

जठरव्रण, म्हणजे अल्सर, हा तिखटाने व काळजीने होतो असे डॉक्टरही दीर्घकाळ मानीत. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांना रुग्णांच्या जठरात वळणदार जीवाणू दिसले. इतक्या आम्लात जीवाणू राहणे शक्य नाही असे सर्व जण म्हणत. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीमुळे त्यांच्या तबकड्या नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत हे सावकाश वाढणारे जीवाणू उगवले. १९८४ साली मार्शल यांनी स्वतःच तो जीवाणू पिऊन आपल्या जठराला दाह झाल्याचे दाखविले. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज या हेलिकोबॅक्टर जीवाणूवर प्रतिजैविके देऊन अल्सर कायमचा बरा करता येतो. भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात तो असतो, पण बहुतेकांना त्रास होत नाही. त्यामुळे नुसता जीवाणू आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र महिनोन्‌महिने आपल्या मनानेच रोज सकाळी आम्ल कमी करणारी कॅप्सूल घेत राहणे हा उपचार नव्हे. आम्ल दबते, कारण राहते.

आणखी एक गोष्ट तुमच्यापेक्षा तुमच्या वडीलधाऱ्यांसाठी. पन्नाशीच्या पुढे छातीत जळजळ, सोबत दरदरून घाम, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, अथवा चढ चढताना येणारा त्रास हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते. अशा वेळी सोडा पाजून निजवू नये. हृदयाचा आलेख काढता येईल अशा ठिकाणी तत्काळ न्यावे.

जुलाब : मीठ, साखर आणि पाणी

पहिल्या पावसानंतर खानावळी व पाण्याच्या टाक्या यांची परीक्षा सुरू होते. जुलाबात मरण येते ते बहुतांशी जंतूंमुळे नव्हे, तर शरीरातील पाणी व क्षार वाहून गेल्यामुळे. कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ साली सिद्ध केले की कॉलऱ्याचे जंतू एक विष तयार करतात व त्यामुळे आतडे आपल्यातले पाणी बाहेर ओतू लागते. पुढे ध्यानात आले की या अवस्थेतही आतड्याचे एक दार उघडे असते : ग्लुकोज व मीठ योग्य प्रमाणात एकत्र असले की ते जोडीने आत शिरतात आणि मागोमाग पाणी शोषले जाते.

याची कसोटी लागली ती १९७१ साली. बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात सीमेवरील बनगाव येथे निर्वासितांचे लोंढे आले, कॉलरा पसरला, शिरेतून देण्याचे सलाइन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या घरातून शेकडा चारच्याही खाली आले. २०२२ साली ते वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

म्हणून जुलाब सुरू होताच ओ.आर.एस.ची पुडी तिच्यावर लिहिले असेल तितक्याच, बहुधा एक लिटर, स्वच्छ पाण्यात मिसळावी व प्रत्येक जुलाबानंतर थोडी थोडी प्यावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ; चमचा चहाचा. प्रमाण वाढवू नये. अधिक गोड झाले तर जुलाब वाढतात. बाटलीतील शीतपेये या कामाची नव्हेत. खाणे बंद करू नये : भाताची पेज, ताक, अंबील उत्तम. जुलाब थांबविणारी गोळी ताप अथवा रक्त असताना घेऊ नये, आणि प्रतिजैविकाची साध्या जुलाबात बहुधा गरज नसते. डोळे खोल गेले, लघवी थांबली, ग्लानी आली, तर मात्र दवाखाना गाठावा.

परीक्षेच्या सकाळीच ज्यांना तीन वेळा जावे लागते त्यांचे आतडे बहुधा निरोगी असते. आतड्याला स्वतःचे मोठे मज्जाजाळे आहे व ते मेंदूशी सतत बोलत असते. वजन घटत नसेल, रक्त पडत नसेल, रात्री झोपेतून उठावे लागत नसेल, तर भिण्याचे कारण नाही. दूध प्यायल्यावर पोट फुगणाऱ्यांनी दुधाऐवजी दही-ताक घेऊन पाहावे. प्रौढपणी दुधातील साखर न पचणे आपल्याकडे सर्रास आढळते.

कोठा साफ नसणे

बद्धकोष्ठावर पाणी, पालेभाजी, सालीसकट डाळी, जोंधळ्याची भाकरी, चालणे हे उपाय सर्वांना ठाऊक आहेत. कोणी न बोलणारे एक कारण मात्र मला येथे नोंदवावयाचे आहे. वेग आला असता तो दाबून ठेवणे. तो वारंवार दाबला की मोठे आतडे आणखी पाणी शोषते, मल कडक होतो, कुंथावे लागते, गुदद्वाराशी चीर पडते अथवा मूळव्याध होते. मग दुखेल या भीतीने पुन्हा वेग दाबला जातो. खेड्यांतून सकाळी सहाच्या एस.टी.ने निघणाऱ्या कितीतरी विद्यार्थिनी सांगतात की त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण बसस्थानकावर वा महाविद्यालयात जाण्याजोगे स्वच्छतागृह नसते. त्यांना ‘पाणी जास्त प्या’ असे सांगणे म्हणजे निम्मे औषध सांगणे. उरलेले निम्मे पाणी, कडी व दिवा असलेल्या स्वच्छतागृहात आहे, आणि ते पुरविणे हे संस्थाचालकांचे व आम्हा वडीलधाऱ्यांचे काम आहे.

शौचावाटे पडणारे रक्त प्रत्येक वेळी मूळव्याधीचेच असते असे धरून चालू नये. लाल रक्त असो वा डांबरासारखा काळा मल, त्याची तपासणी करून घ्यावी. कारण न कळता वजन उतरणे, गिळताना अन्न अडकणे, आवाज तीन आठवडे बसलेला राहणे, डोळे पिवळे होणे ही लक्षणेही घरगुती उपायांच्या कक्षेबाहेरची आहेत.

शेवटी एक विनंती. डॉक्टरांपुढे बसल्यावर ‘पित्त झाले’ किंवा ‘उष्णता आहे’ एवढ्यावर थांबू नका. काय होते, नेमके कोठे होते, केव्हापासून होते, जेवणाआधी की नंतर, आणि आपण काय चघळता, कोणत्या गोळ्या घेता हे न लाजता सांगा. रोगाचे नाव शोधणे आमच्याकडे सोपवा. ही पाच उत्तरे मात्र तुमच्याशिवाय दुसरे कोणी देऊ शकत नाही.